प्रारण-सुरक्षा व आरोग्य-संशोधन : शासकीय नियंत्रण

आयनीकारक प्रारणाचा (अणूंतील इलेक्ट्रॉन दूर सारून त्यांना विद्युत् भारित करणाऱ्या तरंगरूपी वा कणरूपी ऊर्जेचा) वापर खाणी, कारखाने, रुग्णालये, प्रयोगशाळा, अणुभट्ट्या इ. ठिकाणी होतो. तेथील कामगार व सभोवतालची जनता यांच्या संरक्षणासाठी शासनाने केलेले नियम, त्यांच्या अंमलबजावणीची यंत्रणा आणि प्रारणाच्या आरोग्यावरील परिणामांविषयी शासनाने करविलेले संशोधन यांचा समावेश या विषयात होतो. क्ष-किरण, गॅमा किरण आणि किरणोत्सर्गी द्रव्यांपासून निघणारे आल्फा व बीटा कण ही आयनीकारक प्रारणाची प्रमुख उदाहरणे होत.

प्रारणाची इजा इतर औद्योगिक इजांपेक्षा दोन बाबतींत वेगळी आहे. एक म्हणजे प्रारण डोळ्यांना दिसत नाही व त्याचा स्पर्शही जाणवत नाही. दुसरे म्हणजे मात्रा अल्प असल्यास तिचा परिणाम कर्करोगाच्या रूपाने दहा, वीस वा त्याहून अधिक वर्षांनी प्रकट होतो आणि हा कर्करोग अन्य कारणांनी होणाऱ्या कर्करोगासारखाच असतो. त्यामुळे एखाद्या व्यक्तीचा आजार प्रारणामुळेच उद्‌भवला हे सिद्ध करणे बहुधा अशक्य असते. हजारो व्यक्तींना मिळालेल्या मात्रांच्या व त्यांच्या आजारांच्या दीर्घकालीन नोंदींवरूनच धोक्याचे मान ठरविता येते. साहजिकच या नोंदी ज्याच्या ताब्यात असतील, त्याच्या हाती पुरावाही असतो. विसाव्या शतकात प्रारणाचा सर्वांत मोठा उत्पादक स्वतः शासनच होते. अण्वस्त्रे व अणुशक्ती यांचा उत्पादक, सुरक्षेच्या मर्यादा ठरविणारा नियामक आणि आरोग्यविषयक संशोधनाचा आश्रयदाता या तीन भूमिका एकाच यंत्रणेकडे एकवटल्या. त्या एकमेकींपासून कशा व का वेगळ्या कराव्या लागल्या, हा या विषयाच्या इतिहासाचा मुख्य धागा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील गोपनीय कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर उघड झाल्यामुळे तेथील इतिहास अधिक तपशीलवार ज्ञात आहे. म्हणून पुढील विवेचनात तो प्रथम दिला असून नंतर भारतातील परिस्थितीचा परामर्श घेतला आहे.

पूर्वपीठिका : व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा, आंरी बेक्रेल यांनी १८९६ मध्ये किरणोत्सर्गाचा आणि प्येअर व मारी क्यूरी यांनी १८९८ मध्ये रेडियमाचा शोध लावला. क्ष-किरणांमुळे कातडी भाजते व केस गळतात, हे शोधानंतर थोड्याच महिन्यांत दिसून आले. टॉमस आल्वा एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांना क्ष-किरण नलिकांवर काम करताना गंभीर इजा झाल्या व १९०४ मध्ये ते मरण पावले. त्यांच्या इजा पाहून एडिसन यांनी क्ष-किरणांवरील काम सोडून दिले. क्ष-किरण व रेडियम यांच्या वापरामुळे मरण पावलेल्या वैद्य, शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ यांचे स्मारक १९३६ मध्ये जर्मनीतील हँबर्ग येथे उभारण्यात आले. त्यावर प्रारंभीच १६९ नावे कोरलेली होती.

संरक्षणाचे पहिले प्रयत्न शासनाने नव्हे, तर क्ष-किरण वैद्यकाच्या व्यावसायिकांनी केले. १९२८ मध्ये स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत क्ष-किरण व रेडियम संरक्षण समिती स्थापन झाली. १९५० मध्ये तिचे नाव आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोग असे झाले. अमेरिकेतील सल्लागार समिती १९२९ मध्ये स्थापन झाली. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने दररोज ०·२ राँटगेन, तर अमेरिकी समितीने दररोज ०·१ राँटगेन ही ‘सह्य मात्रा’ सुचविली. या मर्यादेच्या आत शरीराला कोणतीही इजा होत नाही असे तेव्हा गृहीत धरले होते. हर्मान जोसेफ म्यूलर यांनी मात्र १९२७ मध्येच क्ष-किरणांमुळे फळमाशीत आनुवंशिक बदल (उत्परिवर्तने) घडून येतात असे दाखवून दिले होते. या संशोधनाबद्दल त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आनुवंशिक इजेला सुरक्षित अशी किमान मर्यादा नसावी, या त्यांच्या कार्यातून निघणाऱ्या निष्कर्षाचा नियमांवर परिणाम होण्यास आणखी तीन दशके लागली.

रेडियम कामगारांचे प्रकरण : घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगविण्यासाठी रेडियमयुक्त रंगाचा वापर पहिल्या महायुद्धाच्या काळात वाढला. न्यू जर्सी, कनेक्टिकट व इलिनॉय या राज्यांतील कारखान्यांत हे काम प्रामुख्याने तरुण मुली करीत. कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची पद्धत होती. त्यामुळे रेडियम पोटात जाई आणि रासायनिक दृष्ट्या ते कॅल्शियमासारखे असल्यामुळे हाडांत साठून राही. लवकरच या मुलींना जबड्याचे हाड कुजणे, रक्तक्षय व पुढे हाडांचा कर्करोग असे विकार जडले.

न्यू जर्सीतील कंपनीने १९२४ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठातील शरीरक्रियावैज्ञानिक सेसिल ड्रिंकर यांच्याकडून पाहणी करून घेतली. तीत कारखान्यातील परिस्थितीवर दोष येत होता. कंपनीने हा अहवाल दडपला आणि राज्याच्या श्रम खात्याकडे कामगारांची प्रकृती उत्तम असल्याचे दर्शविणारी बदललेली माहिती पाठविली. ही बाब उघडकीस आल्यावर ड्रिंकर यांनी १९२५ मध्ये मूळ निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी शासकीय वैद्यकीय अधिकारी हॅरिसन मार्टलंड यांनी आजारी कामगारांच्या शरीरात रेडियम असल्याचे सिद्ध केले. पाच कामगार स्त्रियांनी १९२७ मध्ये लावलेला दावा १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. संशोधनाचा खर्च करणाऱ्याकडेच ते प्रसिद्ध करण्याचा निर्णय असल्यास काय घडू शकते, याचे हे पहिले ठळक उदाहरण होय. या स्त्रियांच्या तपासणीतून मिळालेल्या माहितीच्या आधारे १९४१ मध्ये शरीरातील रेडियमाची कमाल मर्यादा एक मायक्रोग्रॅमचा दहावा भाग अशी ठरविण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात प्लुटोनियम हाताळताना हीच मर्यादा पायाभूत मानली गेली.

अणुबाँब प्रकल्प : १९४२ मध्ये सुरू झालेल्या मॅनहॅटन प्रकल्पात शिकागो येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट स्टोन यांच्या नेतृत्वाखाली आरोग्य विभाग स्थापन झाला. ‘आरोग्य भौतिकी’ ही संज्ञा तेथेच रूढ झाली. कामगारांना प्रारणाची मात्रा मोजणारे बिल्ले देणे, हवेतील किरणोत्सर्गी धूळ मोजणे, मूत्राची तपासणी करणे इ. सुरक्षाविषयक पद्धती या विभागाने विकसित केल्या. त्या काळाच्या मानाने हे काम प्रशंसनीय होते. तथापि त्याच प्रकल्पात एप्रिल १९४५ ते जुलै १९४७ या काळात ओक रिज, रॉचेस्टर, शिकागो व सॅन फ्रॅन्सिस्को येथील रुग्णालयांत १८ रुग्णांच्या शरीरात प्लुटोनियम टोचण्यात आले. शरीरातून प्लुटोनियम किती वेगाने बाहेर पडते हे जाणून घेऊन कामगारांसाठी मर्यादा ठरविणे हा यामागील उद्देश होता. ‘प्लुटोनियम’ हा शब्दच त्या वेळी गोपनीय असल्यामुळे आपल्याला काय टोचले जात आहे याची कल्पना बहुतेक रुग्णांना नव्हती. या रुग्णांना दुर्धर आजार असल्याचे गृहीत धरले होते. पण त्यांतील काही पुढे अनेक वर्षे जगले. हयात असलेल्यांची १९७३ मध्ये पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही त्यांना खरे कारण सांगण्यात आले नाही.

अणुऊर्जा आयोगाची दुहेरी भूमिका : १९४६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अमेरिकी अणुऊर्जा आयोगाकडे १ जानेवारी १९४७ रोजी हा सर्व कारभार आला. आयोगाने १९४७ मध्येच, मानवावरील प्रयोगांसाठी रुग्णाला माहिती देऊन त्याची संमती घ्यावी, असे पत्राने कळविले होते. परंतु त्याच वर्षी एप्रिलमध्ये, मानवावरील प्रयोगांचा उल्लेख असलेली आणि लोकमतावर विपरीत परिणाम घडवील किंवा दाव्यांस कारण होईल अशी कागदपत्रे उघड करू नयेत, अशीही सूचना देण्यात आली. राष्ट्रीय संरक्षणाखेरीज केवळ बदनामी टाळण्यासाठीही गोपनीयतेचा वापर होऊ लागला, हे यावरून स्पष्ट होते.

१९५४ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना अणुभट्ट्या उभारण्यास परवानगी मिळाली. या उद्योगाला उत्तेजन देणे आणि त्याचे नियमन करणे ही दोन्ही कामे कायद्याने आयोगाकडेच सोपविली. प्रारणाच्या जैव परिणामांवरील संशोधनाला मिळणारे अनुदानही मुख्यतः आयोगाकडूनच येई. काँग्रेसमध्ये (अमेरिकी विधिमंडळात) देखरेखीसाठी असलेली संयुक्त समिती ही बव्हंशी आयोगाची पाठीराखी होती.

या रचनेतील सर्वांत गंभीर उणीव युरेनियमाच्या खाणींत दिसून आली. कोलोरॅडो पठारावरील खाणींतून निघणारे सर्व युरेनियम आयोग विकत घेत असे; परंतु खाणकामगारांची सुरक्षा आपल्या अधिकारकक्षेत येत नाही अशी भूमिका त्याने घेतली. मध्य यूरोपातील खाणींच्या अनुभवावरून रेडॉन वायू व त्याच्या विघटनापासून बनणारी द्रव्ये यांमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो हे आधीच लक्षात आले होते. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९५० च्या सुमारास खाणकामगारांचा अभ्यास सुरू केला. मात्र कामगार घाबरतील असे काही सांगणार नाही, या अटीवरच तिला खाणींत प्रवेश मिळाला. कामगारांत नव्हाहो या आदिवासी जमातीचे लोक मोठ्या संख्येने होते. खाणीत पुरेसे वायुवीजन (हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था) केल्यास धोका पुष्कळ कमी होतो हे माहीत असूनही सक्तीचा संघीय नियम होण्यास १९६७ साल उजाडले. तो आयोगाने नव्हे, तर श्रममंत्री विलर्ड वुर्ट्‌झ यांनी पुढाकार घेऊन केला. तोपर्यंत त्या अभ्यासात खाणकामगारांच्या मृत्यूंच्या नोंदी वाढतच गेल्या होत्या.

अण्वस्त्र चाचण्या व बाँबपीडितांचा अभ्यास : हीरोशिमा व नागासाकी येथील बाँबहल्ल्यांतून बचावलेल्या लोकांच्या आरोग्याच्या अभ्यासासाठी १९४६ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या आदेशाने अणुबाँब पीडित आयोग स्थापन झाला. त्याचा कारभार अमेरिकेची राष्ट्रीय विज्ञान अकादमी पाही व खर्च अणुऊर्जा आयोग करी. या आयोगाने पीडितांची तपासणी केली, पण त्यांच्यावर उपचार केले नाहीत. त्यामुळे जपानी जनतेत त्याच्याविषयी रोष निर्माण झाला. १९७५ मध्ये त्याच्या जागी जपान व अमेरिका यांची संयुक्त संस्था आली. सु. १,२०,००० व्यक्तींचा आयुष्यभर मागोवा घेणारा हा अभ्यास प्रारणाच्या धोक्याविषयीच्या ज्ञानाचा मुख्य आधार होय. रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण प्रथम वाढते व इतर अवयवांच्या कर्करोगांची वाढ दशकांनंतर दिसते, हे त्यातून कळून आले.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने मार्शल बेटांतील बिकिनी येथे केलेल्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची शक्ती अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक, म्हणजे १५ मेगॅटन, निघाली. किरणोत्सर्गी राख राँगेलॅप बेटावरील रहिवाशांवर व एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. नौकेवरील २३ खलाशांपैकी एकजण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मरण पावला. राँगेलॅपच्या रहिवाशांना १९५७ मध्ये परत पाठविण्यात आले आणि त्यांची वैद्यकीय तपासणी दरवर्षी सुरू राहिली. बेट अद्याप सुरक्षित नाही अशी खात्री पटून त्यांनी १९८५ मध्ये ते स्वतःहून सोडले. या चाचणीनंतर किरणोत्सर्गी पाताविषयी जगभर चिंता वाढली. संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये आणवीय प्रारणाच्या परिणामांविषयीची शास्त्रीय समिती नेमली. १९५९ मध्ये अमेरिकेत संघीय प्रारण परिषद स्थापन होऊन मर्यादा सुचविण्याचे काम आयोगाच्या एकट्याच्या हाती राहिले नाही. १९७० मध्ये हे काम पर्यावरण संरक्षण संस्थेकडे गेले. वातावरणातील चाचण्यांवर १९६३ च्या मर्यादित चाचणीबंदी कराराने निर्बंध आला.

मर्यादांविषयीचा वाद : कामगारांसाठीची मर्यादा १९३४ मध्ये वर्षाला सु. ३० राँटगेन पडत होती. ती १९५० च्या सुमारास १५ रेम व १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सरासरी ५ रेम झाली. (रेम हे प्रारणाच्या जैव परिणामाचे एकक असून १ रेम म्हणजे १० मिलिसीव्हर्ट.) सर्वसाधारण जनतेसाठी सरासरी १७० मिलिरेम ही वार्षिक मर्यादा होती. आयोगाच्याच लिव्हरमोर येथील प्रयोगशाळेत जैव वैद्यकीय विभाग चालविणारे जॉन गॉफ्‌मन व त्यांचे सहकारी आर्थर टँप्लिन यांनी १९६९ मध्ये या मर्यादेवर आक्षेप घेतला. सर्व जनतेला ही संपूर्ण मात्रा मिळाल्यास कर्करोगाने वर्षाला हजारो जादा मृत्यू होतील, असे त्यांनी मांडले. पुढे त्यांचा अंदाज ३२,००० पर्यंत गेला. आयोगाने हा अंदाज फेटाळला. गॉफ्‌मन यांच्या संशोधनाला मिळणारा निधी आटला व १९७३ मध्ये त्यांनी प्रयोगशाळा सोडली. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने १९७२ मध्ये दिलेल्या अहवालात हाच आकडा ३,००० ते १५,००० असा धरला. म्हणजे गॉफ्‌मन यांचा अंदाज अवाजवी ठरला. परंतु १७० मिलिरेम ही मर्यादा विनाकारण जास्त आहे, या त्यांच्या मुख्य मुद्द्याला समितीने दुजोरा दिला.

हॅनफर्ड येथील कामगारांच्या अभ्यासातही असाच पेच निर्माण झाला. आयोगाने १९६४ मध्ये पिट्‌सबर्ग विद्यापीठातील टॉमस मँकूसो यांच्याकडे आण्विक कामगारांच्या मृत्यूंचा दीर्घकालीन अभ्यास सोपविला होता. १९७४ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या आरोग्य खात्यातील सॅम्युएल मिलॅम यांना हॅनफर्डच्या कामगारांत कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. मिलॅम यांचा निष्कर्ष खोडून काढणारे निवेदन द्यावे, असे मँकूसो यांना सुचविण्यात आले. आपली माहिती अद्याप अपुरी आहे या कारणास्तव त्यांनी नकार दिला. १९७७ मध्ये त्यांचे कंत्राट संपविण्यात आले. त्याच वर्षी त्यांनी ॲलिस स्ट्यूअर्ट व जॉर्ज नील यांच्यासह, मान्य अंदाजांहून धोका अनेक पट अधिक असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. गर्भावस्थेत क्ष-किरण परीक्षा झालेल्या मुलांत कर्करोगाचे प्रमाण अधिक असते, हे १९५६–५८ मध्ये दाखवून देणाऱ्या ब्रिटिश वैद्य याच स्ट्यूअर्ट होत. त्यांच्या हॅनफर्डविषयीच्या गणिती पद्धतीवर अनेक संख्याशास्त्रज्ञांनी टीका केली. मात्र कंत्राट काढून घेण्याच्या प्रकाराची काँग्रेसच्या उपसमितीने १९७८ मध्ये चौकशी केली. फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील सु. ३ लाख आण्विक कामगारांच्या एकत्रित अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ पासून प्रसिद्ध झाले. अल्प मात्रा दीर्घकाळ मिळत राहिल्यानेही कर्करोगाने होणारे मृत्यू वाढतात, असे त्यांत आढळले. वाढीचे मान मात्र जपानमधील अभ्यासाशी मिळतेजुळते आहे.

भूमिकांचे विभाजन : १९७४ च्या ऊर्जा पुनर्रचना कायद्याने अणुऊर्जा आयोग बरखास्त झाला. जानेवारी १९७५ मध्ये नागरी अणुभट्ट्यांचे नियमन अणुकेंद्रीय नियामक आयोगाकडे गेले, तर संशोधन, विकास व अण्वस्त्रनिर्मिती ही कामे वेगळ्या संस्थेकडे आणि १९७७ मध्ये नव्या ऊर्जा खात्याकडे आली. अण्वस्त्रांचे कारखाने मात्र बाहेरच्या नियामकाच्या कक्षेत आले नाहीत आणि तेथील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यासही ऊर्जा खात्याच्याच हाती राहिला.

फेब्रुवारी १९८६ मध्ये लोकांच्या मागणीमुळे ऊर्जा खात्याने हॅनफर्डविषयीची सु. १९,००० पाने खुली केली. १९४४ नंतरच्या काळात या कारखान्याने सात लाखांहून अधिक क्यूरी किरणोत्सर्गी आयोडीन हवेत सोडले होते, असे त्यांवरून झालेल्या गणनेत निष्पन्न झाले. सोव्हिएट प्लुटोनियम उत्पादनाचा माग काढण्याच्या पद्धती अजमावण्यासाठी डिसेंबर १९४९ मध्ये काही आयोडीन हेतुपुरस्सर सोडण्यात आले होते, हेही उघड झाले. हे आयोडीन गवतातून गाईच्या दुधात व दुधावाटे मुलांच्या अवटू ग्रंथीत (गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत) साठते. ऊर्जामंत्री जेम्स वॉटकिन्स यांनी १९८९ मध्ये नेमलेल्या समितीच्या अहवालानंतर १९९० मध्ये करार होऊन आरोग्यविषयक अभ्यासाची व्यवस्था आरोग्य खात्याकडे सोपविण्यात आली. त्यानंतर त्या खात्याने केलेल्या हॅनफर्ड परिसरातील अवटू ग्रंथीच्या पाहणीत (अंतिम अहवाल २००२) मात्रा व विकार यांचा संबंध आढळला नाही. स्वतंत्र संशोधनातून नेहमी धोकाच सिद्ध होतो असे नाही, हे यावरून लक्षात येते.

नोव्हेंबर १९९३ मध्ये पत्रकार आयलीन वेल्सम यांनी न्यू मेक्सिकोतील एका वृत्तपत्रात प्लुटोनियम टोचलेल्या काही रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ऊर्जामंत्री हेझल ओलीअरी यांनी डिसेंबरात जुनी कागदपत्रे खुली करण्याचे जाहीर केले आणि जानेवारी १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी रूथ फेडन यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती नेमली. ऑक्टोबर १९९५ मधील तिच्या अहवालात १९४४–७४ या काळातील सु. ४,००० प्रयोगांचा उल्लेख आहे. त्यांत कैद्यांच्या वृषणांवर क्ष-किरण सोडण्याचे, तसेच मतिमंद मुलांच्या न्याहारीत किरणोत्सर्गी द्रव्य मिसळण्याचे प्रयोग येतात. बहुसंख्य प्रयोगांत मात्रा अल्प असल्याने इजेचा संभव कमी होता. परंतु संमतीवाचून माणसांचा साधन म्हणून उपयोग करणे हाच अन्याय होय, असा निर्वाळा समितीने दिला. क्लिंटन यांनी शासनाच्या वतीने क्षमा मागितली. खाणकामगार व चाचणीक्षेत्रालगतचे रहिवासी यांच्या भरपाईचा कायदा १९९० मध्ये आणि अण्वस्त्र कारखान्यांतील कामगारांच्या भरपाईचा कायदा २००० मध्ये झाला.

भारत : भारतात अणुऊर्जा आयोग १९४८ मध्ये व अणुऊर्जा विभाग १९५४ मध्ये स्थापन झाला. हा विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत ठेवण्यात आला. मुंबईतील तुर्भे (ट्राँबे) येथे अप्सरा ही आशियातील पहिल्या काही अणुभट्ट्यांपैकी एक अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये कार्यान्वित झाली. तेथे आरोग्य भौतिकीचा विभाग उभारण्याचे काम ए. के. गांगुली यांनी केले. देशभरातील रुग्णालये व कारखाने यांतील कामगारांना मात्रामापक बिल्ले पुरविण्याची सेवा याच केंद्राने सुरू केली. महाराष्ट्रातील तारापूर (तेव्हाचा ठाणे, आताचा पालघर जिल्हा) येथील देशातील पहिले अणुशक्ती केंद्र १९६९ मध्ये वीज देऊ लागले.

१९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने केंद्र शासनाला प्रारण-सुरक्षेचे नियम करण्याचा, तसेच कलम १८ अन्वये माहिती गोपनीय ठेवण्याचा अधिकार दिला. प्रारण संरक्षण नियम १९७१ मध्ये अंमलात आले; त्यांची जागा २००४ मध्ये नव्या नियमांनी घेतली. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगर येथे आहे. हे मंडळ शासकीय आदेशाने निर्माण झाले आणि अणुऊर्जा आयोगाला जबाबदार राहिले. आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा विभागाचे सचिव असतात. म्हणजे अणुशक्ती केंद्रे चालविणारा विभाग व त्यांच्यावर देखरेख करणारे मंडळ यांचे प्रमुखपद अखेरीस एकाच ठिकाणी येऊन मिळे.

मंडळाने केंद्रांना परवाने देणे, ते रोखणे व दुरुस्त्या करावयास लावणे ही कामे केली. कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट व कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट ही मंडळाची मर्यादा आंतरराष्ट्रीय आयोगाने एका वर्षासाठी सुचविलेल्या ५० मिलिसीव्हर्टपेक्षा कडक आहे. मात्र मंडळाच्या स्थानाविषयी शंका घेतल्या गेल्या. ए. गोपालकृष्णन हे अध्यक्ष असताना (१९९३–९६) मंडळाने १९९५ मध्ये अणुशक्ती केंद्रांतील सुमारे १३० सुरक्षाविषयक त्रुटींचा अहवाल तयार केला. तो प्रसिद्ध करावा या मागणीसाठी मुंबई उच्च न्यायालयात केलेला अर्ज फेटाळला गेला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम १८ चा आधार ग्राह्य मानला. भाभा अणुसंशोधन केंद्र २००० मध्ये मंडळाच्या कक्षेतून वगळण्यात आले.

अणुभट्ट्यांबाहेरील प्रारणस्रोतांचा प्रश्न २०१० मध्ये पुढे आला. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील अनेक वर्षे वापरात नसलेले कोबाल्ट-६० असलेले उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरी येथील भंगारबाजारात ते फोडल्यामुळे अनेकांना प्रारणबाधा झाली व एक कामगार मरण पावला. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१२ च्या अहवालात, देशातील वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी सु. ९१ टक्के केंद्रे नोंदणीवाचून चालत असल्याचे आढळले. नियमभंगाबद्दलचा कमाल दंड ५०० रुपये होता. मंडळाला कायद्याने स्वतंत्र दर्जा नसल्याकडेही अहवालाने लक्ष वेधले. तत्पूर्वी सप्टेंबर २०११ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत मांडले गेले होते. ते २०१४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर रद्द झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या कायद्याची जागा घेणारे व खाजगी कंपन्यांना अणुशक्तीचे क्षेत्र खुले करणारे विधेयक संमत केले. त्यात नियामक मंडळाला वैधानिक दर्जा देण्याची तरतूद आहे.

आरोग्य-संशोधनाच्या दृष्टीने केरळच्या किनाऱ्याचे उदाहरण उल्लेखनीय आहे. तेथील वाळूत मोनॅझाइट हे थोरियमयुक्त खनिज असल्यामुळे नैसर्गिक प्रारण इतर ठिकाणांपेक्षा कित्येक पटींनी अधिक आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७६ मध्ये तेथे जन्मजात मानसिक विकृतींचे प्रमाण अधिक असल्याचे प्रसिद्ध केले. या निष्कर्षाविषयी अणुऊर्जा विभागातील संशोधकांशी त्यांचा वाद झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९९५ पासून केलेल्या नवजात अर्भकांच्या पाहणीत तसे आढळले नाही. तिरुअनंतपुरम् येथील प्रादेशिक कर्करोग केंद्राने करुनागप्पळ्ळी येथील सु. ७०,००० रहिवाशांचा मागोवा घेऊन २००९ मध्ये, या प्रारणामुळे कर्करोग वाढल्याचे दिसत नाही असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. घरोघरची प्रारणमोजणी व कर्करोगाची स्थानिक नोंदवही यांवर हा निष्कर्ष आधारलेला असल्यामुळे तो इतर देशांतील संशोधकांना तपासून पाहता आला आणि म्हणूनच त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

मूल्यमापन : वरील इतिहासात सुरक्षेच्या मर्यादा नव्वद वर्षांत सतत कडक होत गेल्या आहेत आणि त्यामागे नव्या ज्ञानाइतकाच जुन्या नोंदी उघड होण्याचाही वाटा आहे. उत्पादकाकडून नियमन काढून घेतल्यावर अणुभट्ट्यांची सुरक्षा सुधारली. परंतु आरोग्याच्या नोंदी व संशोधनाचा निधी त्याच्याच हाती राहिला, तेथे नियामकापाशी स्वतःचा असा पुरावा नव्हता. दुसऱ्या बाजूने पाहता, टीकाकारांचे काही अंदाज अवाजवी ठरले, हेही स्वतंत्र परीक्षणातूनच कळून आले. प्रारणाचा धोका अवास्तव मानल्यास क्ष-किरण परीक्षा व प्रारणोपचार यांसारख्या उपयुक्त गोष्टींविषयी भीती पसरते. कमी लेखल्यास त्याची किंमत खाणकामगार, तंत्रज्ञ व भंगारवेचक अशा अल्पज्ञात लोकांना द्यावी लागते. दोन्ही टाळण्यासाठी नियमनाच्या स्वातंत्र्याबरोबरच मात्रांच्या नोंदी दीर्घकाळ जतन करणे, संबंधित कामगारास त्या उपलब्ध असणे व निष्कर्ष कोणतेही असले तरी प्रसिद्ध होणे, या गोष्टी आवश्यक मानल्या जातात.